बंदीच्या कागदाने जखम बरी होत नाही

दरवर्षी ३१ मे हा दिवस जागतिक तंबाखूविरोधी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांतून शपथा होतात, कचेऱ्यांतून फलक लागतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. आणि दुसऱ्या दिवशी पानपट्टीवरची गर्दी आदल्या दिवशी होती तेवढीच असते. इतर गावी ही विसंगती हसण्यावारी नेता येईल. निपाणीत ती तशी नेता येत नाही. विडीच्या तंबाखूनेच ह्या गावाचे नाव देशभर नेले, तिच्यावरच येथल्या वखारी उभ्या राहिल्या, आणि सभोवारच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचे व विड्या वळणाऱ्या आयाबहिणींचे पोट तिच्यावरच चालत आले. अशा गावात तंबाखूचा प्रश्न एका दिवसाच्या शपथेने सुटेल असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

आमचे स्पष्ट मत असे की, ह्या प्रश्नाकडे पाहण्याची सरकारची दृष्टीच अपुरी आहे. पदार्थावर बंदी घालणे सरकारला सोपे वाटते. पदार्थाच्या आहारी गेलेल्या माणसाला हात देणे त्यास सुचत नाही. आज ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तंबाखू माणसाचा जीव घेते, हा आता मतभेदाचा विषय राहिलेला नाही. १९५० साली इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल ह्या दोघा संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध आकड्यांनिशी दाखवून दिला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी डॉ. फली मेहता ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकात गुजरात, केरळ, आंध्र, बिहार अशा प्रांतांच्या खेड्यांतून घरोघर जाऊन हजारो माणसांची तोंडे तपासली आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचा व कर्करोगाचा माग थेट तंबाखूपर्यंत नेऊन भिडविला. २००८ साली डॉ. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१० नंतरच्या दशकात भारतात धूम्रपानापायी वर्षाकाठी सुमारे १० लाख माणसे मरतील, असा त्याचा निष्कर्ष होता. विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरीने ६ वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रीचे ८ वर्षांनी घटते, हेही त्यात दिसून आले. विडी गरिबाची, साधी, पानात गुंडाळलेली, म्हणून ती सिगारेटीपेक्षा सौम्य, ही समजूत ह्यामुळे पार कोलमडली. खरे पाहता तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते. विडी विझू नये म्हणून झुरके अधिक व खोल घ्यावे लागतात, आणि विषारी धूर तितकाच अधिक आत जातो.

ह्या व्यसनाचा पसारा केवढा आहे? २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के, तर कर्नाटकात २२.८ टक्के होते. ओढणारांपेक्षा चघळणारे, दाढेखाली धरणारे आणि दातांना लावणारे कितीतरी अधिक होते. त्याचे फळ तोंडातच दिसते. २०२० साली जगात ओठ व तोंड ह्यांच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७८ हजार नवे रोगी निघाले असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १ लाख ३६ हजार एकट्या भारतातले होते. जगातील दर तीन रोग्यांमागे एकाहून अधिक आपला!

ह्यावर सरकारने केले काय? जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. ३१ मे २०१३ रोजी कर्नाटकानेही घातली. खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन असता कामा नये, ह्या २०११ च्या केंद्रीय नियमाचा तो आधार होता. व्यापाऱ्यांनी त्यातून वाट काढण्यास फार काळ लावला नाही. पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन पुड्या दुकानात शेजारी शेजारी लटकू लागल्या. जे मिश्रण कारखान्यात होत होते ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर होऊ लागले. कर्नाटकातून महाराष्ट्रात जाणारा चोरटा माल पकडल्याच्या बातम्या तर सीमाभागातील वाचकाला नव्या नाहीत. १९५६ साली आखलेली जी रेघ आमच्या माणसांना आप्तांपासून तोडते, ती गुटख्याच्या पोत्याला मात्र कधी अडवीत नाही, हा अनुभव आम्ही रोज घेत आहोत.

आमच्या लिहिण्याचा कोणी विपर्यास करू नये. गुटख्याची बंदी उठवा असे आमचे म्हणणे नाही. शाळकरी पोरांच्या हाती दोन-पाच रुपयांत विष देणाऱ्या धंद्यावर कोरडा उगारलाच पाहिजे. पण वीस वर्षे ज्याच्या दाढेखाली तंबाखू आहे, त्याला बंदीचा हुकूम काय देतो? त्याची तलफ हुकमाने शमत नाही. तो महागडा माल चोरून घेतो, अथवा दुसऱ्या पुडीकडे वळतो. आणि तोंडात फोड आला तरी आपलाच दोष म्हणून तो लपवितो. दंडाच्या पावतीने दुकानदाराचा खिसा हलका होतो. रोग्याच्या तोंडातील जखम होती तेथेच राहते.

म्हणूनच जगातील आरोग्यशास्त्रज्ञांनी अलीकडच्या अर्धशतकात एक वेगळा विचार पुढे आणला आहे. हानी घटविण्याची नीती असे त्याला म्हणता येईल. तिचा अर्थ अगदी साधा आहे. व्यसन सुटणे हे अंतिम ध्येय. पण ते सुटेपर्यंत माणूस जगला पाहिजे, आणि ज्याचे ते सुटतच नाही त्यालाही शक्य तितके कमी नुकसान व्हावे. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या लोकांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. पूर आल्यावर नदीला दूषणे देत कोणी बसत नाही. आधी घरातील म्हातारीकोतारी आणि लेकरे उंचावर नेतात, बांधाचा विचार मागाहून करतात.

ह्या नीतीला शास्त्राचा आधार आहे. लंडनचे डॉ. मायकेल रसेल ह्यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते की, माणूस धूम्रपान करतो तो निकोटिनच्या ओढीने, पण त्याला मारतो तो धुरातील डांबरी मळ. ओढ लावणारा पदार्थ एक आणि जीव घेणारे पदार्थ वेगळे, हे एकदा कळले की उपायही दिसू लागतो. शुद्ध निकोटिनची चघळण्याची गोळी किंवा त्वचेवर चिकटविण्याची पट्टी देऊन तलफ आवरता येते, आणि धूर व तंबाखू ह्यांपासून सुटका होते. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा असा की, ह्या उपायांनी धूम्रपान सोडण्यात यशस्वी होणारांचे प्रमाण दीडपटीहून अधिक वाढते. केंद्र सरकारने २०२२ साली राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ह्या उपचाराचा समावेश केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण यादी दिल्लीत आणि रोगी निपाणीत, ह्या दोहोंमधील अंतर कोणी काटावयाचे? खानापूर, निपाणी, चिक्कोडी ह्या तालुक्यांतील किती सरकारी दवाखान्यांत ही गोळी गरिबास फुकट मिळते, हे आरोग्य खात्याने एकदा जाहीर करावेच.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवण्याची एक विशिष्ट तंबाखू पुरुषवर्गात सर्रास चालते, आणि तेथील पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण युरोपात अत्यंत कमी आहे. हे ऐकून कोणी 'विडी सोडून चुना-तंबाखू मळावी' असा अर्थ काढील, तर तो घात करून घेईल. स्वीडनची तंबाखू वाफेवर प्रक्रिया करून, घातक द्रव्ये मुद्दाम घटवून केलेली असते. आपल्याकडील जर्दा, गुटखा आणि मशेरी ह्यांत तीच कर्करोगकारक द्रव्ये भरपूर असतात. आगीतून उठून फुफाट्यात पडण्यास हानी घटविणे म्हणत नाहीत.

व्यसन सोडण्यास उशीर झाला असे कधीच होत नाही, हीही संशोधनाचीच ग्वाही आहे. डॉल ह्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचीच पन्नास वर्षे नोंद ठेवली. तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणारास सुमारे १० वर्षांचे आयुष्य परत मिळाले, चाळिसाव्या वर्षी सोडणारास ९, पन्नासाव्या वर्षी सोडणारास ६, आणि साठीत सोडणारासही ३ वर्षे मिळाली. साठीच्या माणसाला तीन वर्षे म्हणजे नातीचे लग्न पाहावयास मिळणे होय. आणि सोडण्याची इच्छा लोकांना नाही असेही नव्हे. उपरोक्त पाहणीत ओढणारांपैकी ५५.४ टक्के आणि इतर तंबाखू खाणारांपैकी ४९.६ टक्के लोक सोडण्याचा विचार करीत होते. लोक दारात उभे आहेत. दार उघडणारा कोणी नाही.

ज्यांचे सुटत नाही त्यांच्यासाठीही करण्याजोगे पुष्कळ आहे. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायत-गटांत सुमारे १ लाख ९२ हजार माणसांवर एक अभ्यास झाला. सात गटांत साध्या शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. उरलेल्या सहा गटांत नेहमीचीच व्यवस्था होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असे आढळले की, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या माणसांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ह्या तपासणीने ३४ टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, शस्त्रक्रियागृह नाही. एक विजेरी, एक शिकविलेला डोळा आणि घरोघर फिरण्याची तयारी! टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच दुसऱ्या एका प्रयोगात तंबाखूचे सेवन करणाऱ्या ३६ हजार ग्रामस्थांस त्यांना समजेल अशा रीतीने समजावून सांगण्यात आले, आणि पाच वर्षांत पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण ठळकपणे उतरले. जे केरळात आणि भावनगरात होऊ शकले, ते बेळगाव जिल्ह्यात का होऊ नये?

'समजेल अशा रीतीने' हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. आमच्या सीमाभागात ह्या शब्दांपाशीच सारे अडते. आमच्याकडील कितीतरी स्त्रिया मशेरी लावतात. तव्यावर भाजून काळी केलेली ती तंबाखू सकाळी दातांवर फिरते, आणि पुढे दिवसातून चार-चार वेळा फिरते. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले, आणि मुदतीपूर्वी बाळंत होण्याचा धोका वाढला, असे त्यात दिसून आले. आता अशा एखाद्या बाईला दवाखान्यात परक्या भाषेतील छापील कागदावरून 'धूम्रपान करता काय?' असे विचारले, तर ती 'नाही' म्हणेल, आणि ते उत्तर खरेच असेल. 'मावशी, मशेरी लावता का हो?' असे विचारणारी परिचारिका तिला भेटली, तरच खरी हकीकत बाहेर येईल. ज्या भाषेत माणूस आपली लाज आणि आपले दुखणे सांगतो, त्या भाषेवाचून व्यसनाचा उपचार होऊच शकत नाही.

येथे आमची मागणी घटनेच्या चौकटीबाहेरची मुळीच नाही. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्य समाजाची वस्ती १५ टक्क्यांवर आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, ही केंद्राने मान्य केलेली आणि भाषिक अल्पसंख्य आयुक्तांनी वारंवार सांगितलेली संरक्षणाची अट आहे. कर्करोगाची सूचना ही महत्त्वाची सूचना नव्हे, असे बंगळूरचे सरकार म्हणणार आहे काय? आम्हांस कानडी भाषेचा द्वेष नाही. कानडी शेतमजुराला कानडीतूनच सांगितले पाहिजे, हे आम्ही त्याच जोराने म्हणू. रोगाला मराठी-कानडी भेद कळत नाही. औषधानेही तो करू नये.

दुसरीकडे महाराष्ट्र सरकारलाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. २०२३ साली त्या सरकारने ८६५ सीमावासी गावांतील लोकांस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरविले. कर्नाटक सरकारने त्यास हरकत घेतली. ती हरकत अमानुष होती, हे आमचे मत. तथापि ही योजना मुख्यतः रोग बळावल्यावर इस्पितळाच्या खर्चास उपयोगी पडते. जबडा कापण्याचा खर्च सरकारने उचलावा हे ठीकच; जबडा कापण्याची वेळ येऊ नये ह्यासाठी फिरते तपासणी-पथक आणि निकोटिनच्या गोळ्या ह्यांचा खर्च त्याहून पुष्कळ कमी आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता रोगी समजून आपल्या भाषेत आपलेपणाने वागविले, तर तो परत उभा राहू शकतो, हे त्या केंद्राने महाराष्ट्राला दाखविले. हा अनुभव सीमेच्या रेघेपाशी थांबण्याचे कारण नाही.

आता पोटाचा प्रश्न. तंबाखूविरुद्ध लिहिणे निपाणीत सोपे नाही, ह्याची आम्हांस जाणीव आहे. १९८१ साली रास्त भावासाठी शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचा तंबाखू शेतकरी रस्त्यावर बसला, आणि सरकारने त्याला गोळ्यांनी उत्तर दिले. ते रक्त ही भूमी विसरलेली नाही. उद्या कोणी शहाणा दिल्लीत बसून 'तंबाखू बंद' असा हुकूम काढील, तर पहिली उपासमार विड्या वळणाऱ्या बाईची होईल, कारखानदाराची नव्हे. हजारावर मजुरी मोजून घेणारी ही बाई दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसते, तान्हे मूल मांडीशी असते, आणि तिच्या खोकल्याची नोंद कोठेही होत नाही. तिच्यासाठी १९७६ च्या कायद्याने विडीवरील उपकरातून कल्याणनिधी उभारण्यात आला होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. तिच्या हक्काचा झरा आटला, आणि ती सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर येऊन पडली.

भारताने २००४ साली तंबाखू-नियंत्रणाच्या जागतिक करारास मान्यता दिली. त्या कराराच्या १७ व्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्या शेतकऱ्यांना व कामगारांना उपजीविकेची दुसरी साधने मिळवून देण्यास उत्तेजन द्यावे असे लिहिले आहे, आणि १४ व्या कलमात व्यसन सोडविण्याच्या उपचारांची तरतूद आहे. बंदीची कलमे तेवढी वाचावयाची आणि ही दोन कलमे गुंडाळून ठेवावयाची, हा न्याय नव्हे. निपाणीत विडीच्या तंबाखूचे पीक सुधारण्यासाठी सरकारी कृषिसंशोधन केंद्र आहे. पानाचा रोग ओळखण्यास सरकारजवळ शास्त्रज्ञ आहेत. ते पान ज्या तोंडात जाते त्या तोंडाचा रोग ओळखण्यास त्याच गावी कोणी असावे, ही मागणी अवास्तव खासच नाही.

'सीमाप्रश्न पेटता असताना हे तंबाखूपुराण कशाला?' असा प्रश्न आमचे काही मित्र विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याला दोन दशके उलटून गेली. न्यायाची वाट पाहण्याचा धीर आमच्या जनतेपाशी आहे. तोंडातील गाठीपाशी तो नाही. विलीनीकरणाचा लढा हा जमिनीच्या तुकड्यासाठी नाही, त्या जमिनीवरच्या माणसांसाठी आहे. ज्या पिढीने सत्याग्रह केले, तुरुंग भोगले, तिच्या मुलांना ऐन चाळिशीत आपण तंबाखूच्या स्वाधीन करणार असू, तर उद्याच्या महाराष्ट्रात घेऊन जावयाचे कोणाला?

म्हणून दोन्ही सरकारांकडे आमची मागणी नेमकी आहे. सीमाभागातील प्रत्येक तालुक्यात तीस वर्षांवरील तंबाखू सेवन करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या तोंडाची दरवर्षी घरोघर तपासणी व्हावी. विडी कामगारांची प्रथम व्हावी. निकोटिनची गोळी सरकारी दवाखान्यांत फुकट मिळावी. समुपदेशन आणि माहितीपत्रके मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत असावीत. विडी वळणाऱ्या स्त्रियांस दुसरा धंदा हाती आल्यावाचून पहिला काढून घेऊ नये. आणि आपल्या तरुण मंडळांस, महिला मंडळांस, गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांस आमची विनंती अशी की, सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. आपल्या गल्लीतील मराठी डॉक्टरला बोलवा, मांडवात एक खुर्ची आणि एक विजेरी ठेवा, आणि गल्लीतील प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याचे तोंड, त्याला न हिणवता, एकदा तपासून घ्या. बरा न होणारा पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न उघडणारा जबडा दिसला, तर त्या माणसाला एकटे पाठवू नका. त्याच्याबरोबर इस्पितळापर्यंत जा.